सातवं बाळ

मोठ्या बाईंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "डुकरं आली."

सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. मी पाळणाघराच्या दारात उकिडवी बसून मुलांचे बूट फडताळात लावत होते. मला वाटलं, फाटकातच आली. मी एक बूट हातात धरून उभी राहिले.

"इथे नाही गं. उशिओ आजोबांच्या शेजारच्या शेतात. रानडुकरांनी रात्रीत सगळी रताळी फस्त केली. आजोबा म्हणतात, आज रात्री आपल्या शेताची पाळी. काढायची तर आजच काढा, उद्या नुसते वेल मिळतील."

माझ्या हातातला बूट खाली पडला. अहो, आमची रताळी! माझा वर्ग म्हणजे सूर्यफूल वर्ग, शाळेत जाण्याआधीचं शेवटचं वर्ष, तेवीस मुलं. उन्हाळ्याच्या तोंडावर या तेवीस जणांनी उशिओ आजोबांच्या शेतात आपल्या हाताने वेल लावले होते. प्रत्येकाने आपल्या वेलाला नाव ठेवलं होतं. गेन्ताच्या वेलाचं नाव होतं 'बुलेट ट्रेन'. तेव्हापासून रोज एकच धोशा, बाई, रताळी कधी? बाई, आता किती मोठं झालं असेल? काढणी पुढच्या आठवड्यात ठरली होती. डुकरांना कुणी कळवलं नाही.

"मग आज तर आज!" मी म्हटलं. "डबे लवकर उरकू. बूट घालू. चला!"

"चला, पण कुणाला घेऊन?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोनोमी येत नाही, एकोणचाळीस अंश सेल्सिअस ताप आहे तिला. मघाशीच रडत रडत फोन केला तिने."

मी मटकन पायरीवर बसले.

आमच्या धंद्यात सगळं गाडं डोक्यांच्या हिशेबावर चालतं. किती पोरांमागे किती मोठी माणसं, एवढं एकच गणित. सरकार सांगतं, तान्ह्या तीन बाळांमागे एक बाई, आणि माझ्या वर्गाच्या वयाच्या मुलांना पंचवीस जणांत एक. आत्ताआत्तापर्यंत तर तीस होती. हा नियम ज्याने केला त्याने पंचवीस मुलांना एकाच वेळी शू लागलेली कधी पाहिली नसणार, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी मोठ्या बाईंना दर महिन्याला ऐकवते. तरी खोलीच्या आत एकवेळ निभावतं. रस्त्यावर नाही. उशिओ आजोबांच्या शेताच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे, पुढे बसचा मोठा रस्ता आहे. म्हणून मोठ्या बाईंचा स्वतःचा नियम असा की रस्त्यावर तीन मोठी माणसं हवीत. एक रांगेच्या पुढे, एक मध्ये, एक मागे. त्याशिवाय पाळणाघराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

पुढे मी. मागे तोमो सर, आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आलेला उंच, लाजरा पोरगा, मुलं त्याच्या अंगावर झाडावर चढावं तशी चढतात. आणि मध्ये कोनोमी, माझ्या वर्गाची दुसरी बाई. ती तापाने फणफणलेली.

"तुम्ही चला ना," मी मोठ्या बाईंना म्हटलं.

"मी गेले तर इथे जबाबदार कोण? मधल्या वर्गाच्या दोघींना मान वर करायला फुरसत नाही."

"मग कुणाच्या तरी आजीला बोलावते."

"ऐन वेळी बोलावलेल्या आजीच्या हाती मी रस्ता देणार नाही. गेल्या वर्षीची आजी आठवते ना? रेल्वेच्या फाटकापाशी मैत्रीण भेटली आणि तिथेच गप्पा मारत थांबली. नाही जमायचं, माकाबे बाई. मुलांना समजावून सांगा."

समजावून सांगा! पाच वर्षांच्या तेवीस मुलांना मी समजावून सांगायचं, की तुमची रताळी डुकरं खाणार कारण कोनोमी बाईंना ताप आला.

तेवढ्यात बाळांच्या खोलीतून इवाको बाई खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आल्या. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांच्या हाताखाली मोठी झालेली मुलं आता स्वतःची मुलं घेऊन येतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे सात बाळं. साताला तिघी लागतात. पण सहाच आली, तर दोघी पुरतात. मग मी मोकळी."

आम्हा तिघींचीही नजर एकाच वेळी फाटकाकडे गेली.

आता हे आमच्या दारातलं रोजचंच काम. बाळ आलं की आईच्या कडेवरच त्याच्या काखेत थर्मामीटर लावायचा. साडेसदतीस अंश किंवा वर निघाला तर बाळ आल्या पावली परत. त्यात दयामाया नाही. एरवी आम्ही मनात म्हणत असतो, देवा, कमी निघू दे, त्या बाईला कामावर जायचंय. आज पहिल्यांदाच मी फाटकात उभी राहून दुसरंच काहीतरी म्हणत होते. फार नको, मी म्हणत होते. जरासा. एकाच बाळाला. दुपारपर्यंत उतरेल असा.

तोमो माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याला इवाको बाईंनी सांगितलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले होते.

पहिलं बाळ आलं. गार. दुसरं आलं, तेही गार. इतकी ठणठणीत बाळं मी जन्मात पाहिली नव्हती. तिसऱ्याचं नाक वाहत होतं. माझा जीव नुसता खालीवर. थर्मामीटर वाजला. ताप नावालाही नाही.

"अरेरे," तोमो म्हणाला.

"काय झालं?" बाळाची आई घाबरली.

"काही नाही, काही नाही! अगदी ठणठणीत आहे!" मी तोमोच्या पायावर पाय देऊन म्हटलं. "या तुम्ही, निवांत या कामावरून!"

चौथं, पाचवं, सहावं. तोवर माझी तेवीसपैकी बावीस मुलं आली होती, आणि त्यांना सगळं कळलं होतं. कसं कळलं विचारू नका, मुलांना भिंतीतून ऐकू येतं. खिडकीच्या काचेला बावीस नाकं चिकटली होती. गेन्ता आतून ओरडत होता, "किती झाली? बाई, किती बाळं झाली?"

"सहा!" तोमोने सहा बोटं दाखवली आणि मग मोठ्या बाई बघताहेत हे पाहून हात पाठीमागे घेतले.

नऊ वाजायला आले. सातवं बाळ आलं नव्हतं. सातवा म्हणजे हारुमा, गालाच्या दोन पुऱ्या आणि मधे नाक. त्याची बहीण सावा माझ्याच वर्गात, तीच तेविसावी. ती पण आली नव्हती. दोघंही नाहीत म्हणजे घरी काहीतरी झालं असणार. सावासाठी मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण खोटं कशाला बोलू, छातीत ढोल वाजायला लागले होते. मी इवाको बाईंकडे वळून म्हटलं, "बूट घाला."

"बाई," तोमो म्हणाला. "चढावर बघा."

चढावरून तोकुनागा बाई धावत येत होत्या. पोटाशी हारुमा बांधलेला, खांद्याला तीन पिशव्या. मागून सावा, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, फताक फताक करत. रताळ्यांच्या नादात ती आठवडाभर तेच बूट घालून येत होती.

"माफ करा," तोकुनागा बाई धापा टाकत म्हणाल्या. "हिचा एक बूट सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं."

"न्हाणीघरात होता," सावा म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं."

ही बाई कोण ते सांगायला हवं. दोन मुलं, घरात दुसरं मोठं माणूस नाही. दोन वर्षं बसच्या आगारात रात्री उभ्या राहिलेल्या बस धुतल्या तिने. त्या बस धुता धुता एक दिवस म्हणाली, मी चालवते. परवाना काढला. तीन महिने मास्तर शेजारी बसवून बस चालवली. आणि आज पहिल्यांदा शेजारी कुणी नसणार, ती एकटी. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सावाने सगळ्यांना सांगितलं होतं, भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत. आई घरी जेवणाच्या टेबलापाशी सराव करायची, बस हलवायच्या आधी चालकाने प्रत्येक दिशेला बोट दाखवून मोठ्याने 'ठीक' म्हणायचं असतं ना, त्याचा. ते सावाने वर्गात आणलं. दोन महिने झाले, माझा अख्खा वर्ग शूला जायच्या आधीसुद्धा बोट दाखवून ओरडतो, "उजवीकडे, ठीक! डावीकडे, ठीक!"

मी हारुमाच्या काखेत थर्मामीटर लावला. सगळे थांबलो. खिडकीतली नाकंसुद्धा थांबली असतील.

टीं.

सदतीस पॉइंट सहा.

माझ्या अंगातून वीज गेली. मागे तोमोने श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. सदतीस सहा! म्हणजे सहा बाळं, म्हणजे दोघी, म्हणजे इवाको बाई मोकळ्या, म्हणजे रताळी! मी आकडा तोकुनागा बाईंना दाखवला.

वाद घालणाऱ्या आया मी पाहिल्यात, त्यांच्याशी भांडता येतं. ही नुसती वाकली आणि म्हणाली, "बरं. फोन करते मी." आणि पिशवीत फोन शोधायला लागली. तिच्या पिशवीतून पांढरे हातमोजे खाली पडले, अजून पाकिटातच, घडीसुद्धा न मोडलेले.

सावाने ते उचलले. "मग बस?"

"बस उद्या."

"आगारातले कुरोइवा काका म्हणाले होते ना, आता एक जरी सुट्टी झाली तर परत बस धुवायला."

"सावा. तू जा आत. तुला रताळी काढायची आहेत ना?"

"पण काका म्हणाले होते ना!"

"म्हणू दे त्यांना."

मी हारुमाकडे बघत होते. त्याला पोटाशी बांधलेलं. आत कापसाचं जाकीट, त्यावर लोकरीचा गळपट्टा, वर टोपी. मानेवर घामाचे थेंब. धावणाऱ्या आईच्या अंगाची धग घेत तो अख्खा चढ वर आला होता. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. कपडे सैल करायचे, दोन घोट पाणी पाजायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा लावायचा. हे मला माहीत होतं, तोमोला माहीत होतं. इवाको बाईंना तर झोपेतही माहीत होतं, आणि त्या आपला टॉवेल घडी करत होत्या. हा नियम ज्यांनी स्वतः भिंतीवर लावला त्या मोठ्या बाई आभाळाकडे बघत होत्या.

मला राग आला. आमचा सगळ्यांचा. मी म्हटलं, "जाकीट काढा त्याचं."

"अं?"

"जाकीट काढा, गळपट्टा काढा. पुन्हा लावते. फोन ठेवा खाली."

ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. हारुमा पाणी प्यायला, हसला आणि त्याने माझं नाक धरलं. सावा आईचे हातमोजे छातीशी धरून उभी. खिडकीच्या आत गेन्ता काहीतरी ओरडत होता आणि कुणीतरी त्याला गप्प बस म्हणत होतं.

टीं.

सदतीस एक.

"गार आहे!" मी ओरडले. खरंच ओरडले, समोरच्या दुकानातून बाई बाहेर आल्या. "काही नाही झालेलं त्याला! पळा तुम्ही! पळा, पळा!"

तोकुनागा बाईंनी मूल माझ्या हातात दिलं, दोनदा वाकल्या, पाच पावलं गेल्या, परत आल्या, सावाच्या हातातून हातमोजे घेतले आणि चढावरून खाली जी धूम ठोकली ती थेट वळणापर्यंत. माझा ऊर आनंदाने नुसता भरून आला होता. तो साधारण वळणापर्यंतच टिकला. मग मी मागे वळले.

सात बाळं. साताला तिघी.

वर्गात शिरले तर एकही मूल बोलत नव्हतं. तेवीस मुलं गप्प असणं किती भयंकर असतं, ते ऐकलेल्यालाच कळतं. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, पाठीवर पिशव्या, हातात रबरी मोजे. आणि सावा एकटी दाराशी उभी.

गेन्ताने तिच्याकडे बोट केलं. "तुझ्या भावामुळे! तो आला नसता तर आपण गेलो असतो!"

"गेन्ता!"

"खरंच आहे पण! तो कशाला आला? त्याला दातपण नाहीत!"

सावा रडेल असं मला वाटलं. रडली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला. ती रबरी बुटांनिशी वर्गात आली, ज्याची कुणालाच परवानगी नाही, आणि गेन्ताच्या पुढे उभी राहून म्हणाली, "तो पण येईल रताळी काढायला! तुझ्यापेक्षा जास्त काढेल! मी ढकलीन त्याची गाडी! बागेत नाही का जात तो गाडीतून? रोज जातो! देवळापर्यंत जातो!"

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

रोज जातो. अहो, रोज जातो! बाळांच्या खोलीला दोन मोठ्या गाड्या आहेत, कठडा लावलेल्या, चाकांवर पाळणा असावा तशा. चार बाळं एकीत, तीन दुसरीत. रोज सकाळी तिघी बाया त्यांना फिरवून आणतात. मी सकाळपासून एक बाळ कमी कसं होईल याचाच विचार करत बसले होते. सात बाळं घरात ठेवायची, हे कुणी सांगितलं होतं?

"तोमो!" मी किंचाळले. "गाड्या काढ!"

"कुठल्या गाड्या?"

"बाळांच्या! दोन्ही!"

मी मोठ्या बाईंच्या खोलीत न ठोठावताच घुसले. "सगळीच नेऊ या! बाळांनासुद्धा!"

"कुठे?"

"रताळ्यांना! सातांमागे तिघी, हे इथेही खरं आणि शेतातही खरं. तिघीच्या तिघी चालतील आमच्याबरोबर. दोघी गाड्या ढकलतील. गाडीतलं बाळ काही रस्त्यावर पळत सुटत नाही. इवाको बाई मोकळ्या, त्या मध्ये. पुढे मी, मागे तोमो. तीन हवी होती ना तुम्हाला? मी पाच देते!"

"बाळांना आजवर शेतात कधी नेलं नाही."

"का नाही नेलं?"

मोठ्या बाईंनी विचार केला. बराच वेळ केला. "नेलं नाही म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या.

"आणि शेतात गेल्यावर?" त्यांनी लगेच पुढचा प्रश्न काढला, हरल्यासारखं वाटू नये म्हणून. "तिथे गाडीतून उतरतील ना बाळं?"

"कुंपण आहे शेताला. रस्ता नाही, पाणी नाही. बाळं चटईवर, तिघी त्यांच्यापाशी. मोठ्यांना मी आणि तोमो, आजोबा आहेतच. तेवीसला दोन, तुमच्या सरकारच्या दुप्पट!"

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी खण उघडला, शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "गाड्या रांगेच्या मध्ये. पुढे नाही, मागे नाही. रेल्वेच्या फाटकापाशी पूर्ण थांबायचं. आणि माकाबे बाई."

"काय?"

"मलाही एक रताळं आणा."

असा जथा आमच्या गावाने कधी पाहिला नसेल. पुढे मी शिट्टी घेऊन, मग अकरा पिवळ्या टोप्या, मग दोन गाड्या, कठड्यावरून बाहेर बघणारी सात डोकी पांढऱ्या टोप्यांतली, मग बारा पिवळ्या टोप्या, शेवटी तोमो, पाठीवर डब्यांची पिशवी आणि बोटाला गेन्ता. सावा गाडीचा दांडा सोडायला तयार नव्हती. इवाको बाई म्हणाल्या, ढकलू दे तिला, मी आहे शेजारी. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. मासेवाला ओरडला, "काय बाई, घर बदलताय की काय?"

"डुकरांशी लढायला चाललोय!" गेन्ता ओरडला, आणि मग तेवीसच्या तेवीस तेच ओरडायला लागले.

रेल्वेच्या फाटकाशी आम्ही पूर्ण थांबलो. मोठ्या रस्त्याशी थांबलो. सगळ्यांनी बोटं दाखवली, उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक. मी मागे वळून पाहिलं तर मध्ये इवाको बाई, मागे तोमो, गाड्यांपाशी दोघी. इतके हात! एवढी वर्षं मी मुलांना रस्त्यावर नेते, पण रस्ता ओलांडताना मला श्वास घ्यायला मिळाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

उशिओ आजोबा कुंपणाशी उभे होते. गाड्या बघून त्यांच्या तोंडातली विडी पडली. "आरं तिच्या मायला, ही तान्ही पोरं बी? ही काय खणणार?"

"ही खाणार," मी म्हटलं.

"मंग बरोबर हाय," आजोबा म्हणाले. "चला रं, डुकरांच्या आधी उरका!"

आणि काय खणली हो त्या पोरांनी! नखांत माती, नाकात माती, कानात माती. गेन्ताची 'बुलेट ट्रेन' निघेना. चौघं मिळून ओढत होते, तोमो मागून गेन्ताला ओढत होता, आणि ती निघाली तेव्हा पाचही जण उताणे पडले. गेन्ता मातीतून उठला आणि दोन्ही हातांनी रताळं वर धरून नुसता "आ!" असं ओरडत राहिला. शेजारच्या शेतात डुकरांनी उकरलेले खड्डे दिसत होते. मुलं अधूनमधून तिकडे बघून आणखी जोराने खणत होती.

चटईवर सात बाळं बसली होती. हारुमाला सावाने एक छोटं, लांबुळकं रताळं दिलं. त्याने ते दोन्ही मुठींत धरलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चाटलं.

गेन्ता मातीने माखलेला तिथे आला. थोडा वेळ हारुमाकडे बघत उभा राहिला. "ए, तो खरंच काढतोय का?" त्याने सावाला विचारलं.

"त्याने एक काढलं. मी मदत केली."

"माझं त्याच्यापेक्षा मोठं आहे," गेन्ता म्हणाला आणि मग त्याने आपल्या पिशवीतून एक रताळं काढून बाळांच्या गाडीत ठेवलं.

परत निघालो तेव्हा भूक लागली होती, पिशव्या जड झाल्या होत्या, आणि तरीही कुणी गप्प बसत नव्हतं. मोठा रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी आलो. तिथे सिग्नल नाही. मी शिट्टी तोंडात धरली, हात वर केला आणि ओनोमिची शहराची पाटी लावलेली बस वळणावरून आली.

बस थांबली. अगदी हळुवार, पट्ट्यांच्या बरीच अलीकडे. काचेमागे टोपी, आणि स्टिअरिंगच्या चाकावर दोन पांढरेशुभ्र हातमोजे.

"बाई," सावा एकदम हळू आवाजात म्हणाली. "आई."

मी काचेत पाहिलं. तोकुनागा बाई ताठ बसल्या होत्या, शेजारी कुणी नव्हतं. त्यांनी आम्हाला पाहिलं होतं. त्यांचं तोंड जरासं उघडं होतं. सकाळी ज्या मुलाला माझ्या हातात देऊन पळाल्या, तो रस्त्याच्या कडेला गाडीत उभा होता, मातीने माखलेला, हातात रताळं. बसमधली माणसं खिडक्यांतून हसत होती, हात हलवत होती. आमची मुलं रताळी वर करून ओरडत होती. फक्त दोन माणसं गप्प होती, एक चाकामागे आणि एक गाडीच्या दांड्याशी.

आम्ही पट्ट्यांवरून निघालो. आणि तोकुनागा बाईंचा उजवा हात वर आला, बोट सरळ. बोट माझ्यावर आलं, मग रांगेच्या पहिल्या टोपीवर. मग एकेका टोपीवरून सरकत गेलं, सावकाश, एकही न गाळता. गाड्यांपाशी आलं. सात पांढऱ्या टोप्या. हारुमापाशी ते बोट जरासं थांबलं. मग सावावर. मग पुढे, शेवटच्या टोपीपर्यंत, तोमोपर्यंत. मग त्यांचे ओठ हलले. काचेतून ऐकू आलं नाही, पण काय म्हणाल्या ते आमच्यातल्या सगळ्यांना पाठ होतं.

माझ्या एप्रनच्या खिशात सकाळचा थर्मामीटर तसाच होता. चालताना तो मांडीला लागत होता. तो पहिलाच आकडा मी धरून बसले असते तर ही बस दुसऱ्याच कुणी चालवली असती, हे मला त्या पट्ट्यांवर लख्ख कळलं.

आम्ही पलीकडे पोचलो. बस निघून गेली. वळणावर दिसेनाशी झाली तरी मुलं बघत होती.

"तुझ्या आईने हात पण नाही केला," गेन्ता सावाला म्हणाला. "सगळ्यांनी केला. तिनेच नाही केला."

"हात कसा करेल?" सावा म्हणाली. "ती मोजत होती."

गेन्ताने यावर विचार केला. "मग? किती आले?"

सावाने गाडीत वाकून हारुमाच्या टोपीवरची माती झटकली.

"सगळे आहेत," ती म्हणाली.